हायवे सहापदरी होतोय, पण जनावरांनी पलीकडं जायचं कुठनं? (सातारा - कराड - पेठनाका पट्टा)

उरमोडीकाठ:
नमस्कार मंडळी. मी सातारा-कराड रोज अप-डाऊन करतो, कामावरनं परत निघायला रात्रीचे दहा वाजतात. शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाचं काम चालू झाल्यापासनं हायवेवर मेलेली जनावरं जास्त दिसायला लागलीत असं मला वाटतंय, मोजून ठेवलेलं नाही पण रोज बघणाऱ्याच्या डोळ्याला कळतं. उदमांजर, ससा, मुंगूस, घोरपड, कधी कोल्हा. गेल्या आठवड्यात अतीत गावाच्या अलीकडं एक साळिंदर मधल्या सिमेंटच्या डिव्हायडरला चिकटून पडलं होतं. गाडी साईडला घेऊन, इंडिकेटर लावून जाऊन बघितलं. काटे सगळे रस्त्यावर विखुरलेले आणि पुढच्या दोन्ही पायांची नखं घासून रक्ताळलेली, डिव्हायडरवर खाली ओरखडे. म्हणजे ते अर्धा रस्ता नीट ओलांडून आलं होतं, पुढं भिंत लागली, चढता येईना, भिंतीच्या कडंकडंनं चालत राहिलं आणि मग कुणाच्या तरी चाकाखाली आलं. अर्धा रस्ता जिवंत पार केलेलं जनावर भिंतीपाशी मरतं हे काय डोक्यातनं जात नाही.

रस्ता नको असं माझं अजिबात म्हणणं नाही. आईला ॲडमिट करायला रात्रीतनं पुण्याला नेलं ते याच रस्त्यानं नेलं. पण पश्चिमेला सह्याद्रीचे डोंगर आणि कोयनेचं जंगल, पूर्वेला कृष्णाकाठ, जरंडेश्वर, पलीकडं सागरेश्वर, आणि मधनं हा रस्ता आणि त्याच्या पलीकडं रेल्वे. यातनं जनावरं जातात कशी? नुसता स्पीड कमी केला की भागतं का अजून काही करता येतं? काम चालूच आहे तर आत्ताच काहीतरी मागता येईल का, आणि मागायचं तर नेमकं काय मागायचं? कुणी या फील्डमधलं असेल तर सांगा. नुसती हळहळ नको, आपल्याला काय करता येईल ते पाहिजे.

शिराळ्याचा_ऊसकरी:
भाऊ बरोबर बोललास. आमच्याकडं तर बिबट्या आता उसातच राहतोय, जंगलातला बिबट्या आणि शेतातला बिबट्या असं वेगळं राहिलेलंच नाही. मादी उसातच वितीये, पिलं उसातच मोठी होत्यात. आता बघ, दिवाळीनंतर तोडी चालू झाल्या की एकेक फड मोकळा होतो आणि ते जनावर या फडातनं त्या फडात सरकत जातं. सरकता सरकता हायवे लागतो. कासेगाव, नेर्ले, पेठनाका या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊसच हाय, म्हणजे त्याच्या दृष्टीनं एकच रान आणि मधी ही डांबराची पट्टी. जायचं रात्रीच, आणि रात्रीच नेमकी डबल ट्रॉलीची ट्रॅक्टरं, ट्रक, ट्रॅव्हल्स सगळं धावत असतंय. ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर नसतो तो विषय वेगळाच.

दुसरं सांगतो, गव्याचं. २०२१ च्या डिसेंबरात सांगलीच्या मार्केट यार्डात गवा शिरला होता, सगळ्या गावानं बघितला, व्हिडिओ फिरले. लोकं म्हणायची गवा शहरात आला कसा. आरं पण तो चांदोलीच्या जंगलाकडनं आला आसंल तर मधी हायवे कुठंतरी त्यानं ओलांडलाच की! एवढं मोठं धूड, कुठनं गेलं? माझा अंदाज, वारणेच्या कडंकडंनं, नदीच्या पुलाखालनं. आमच्यात म्हातारी माणसं सांगत्यात की जनावर वढ्यानं आणि नदीनंच फिरतं, डोंगरावरनं खाली उतरायची वाट म्हणजे वढा. रस्ता बांधणाऱ्यांनी वढा कुठं हाय एवढं जरी नीट बघितलं तरी निम्मं काम होईल.

आणि फॉरेस्टवाल्यांना आम्ही शिव्या घालतो ते सोडून द्या, पण उसात पिलं सापडली की तोड थांबवून, पिलं हाय त्या जागी ठेवून रात्री मादी घेऊन जाईस्तोवर थांबणारी टोळी पण आमच्याच गावात हाय. कारखान्याची नंबराची तोड असताना एक दिवस थांबणं म्हंजे काय ते ऊस लावणाऱ्यालाच कळंल.

साईटवरचा_सिव्हिल:
मी रस्त्याच्या कामावर आहे, कुठल्या साईटवर ते विचारू नका. शिराळ्याच्या भाऊंनी जे ओढ्याचं सांगितलं तोच सगळ्यात कळीचा मुद्दा आहे, आणि त्यातली एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रस्ता रुंद झाला की खालची मोरी, म्हणजे रस्त्याखालनं ओढ्याचं पाणी काढायची वाट, लांब होते. सरळ आहे ना? पण मोरीचं तोंड तेवढंच राहतं. आता हिशोब बघा. समजा २ मीटर रुंद आणि २ मीटर उंच बॉक्स मोरी आहे आणि वरचा रस्ता चौपदरी, मोरीची लांबी धरा २५ मीटर. जनावरांच्या भुयारी मार्गांसाठी एक आकडा काढतात, तोंडाची रुंदी गुणिले उंची, भागिले लांबी. इथं २ गुणिले २ भागिले २५, म्हणजे ०.१६. आता तोच रस्ता सहापदरी झाला, दोन्हीकडं सर्व्हिस रोड आले, मोरी दोन्ही बाजूंनी वाढवून ५० मीटर केली. आकडा झाला ०.०८, बरोब्बर निम्मा. जनावर ओढ्यातनं वर येतं, आत बघतं, पलीकडचा उजेड एवढासा दिसतो, आत कुबट वास आणि पाणी साठलेलं. मुंगूस, उदमांजर जाईल कदाचित, हरीण, भेकर अशा मोरीत पाय ठेवणार नाही, ते मागं फिरतं आणि भराव चढून वर रस्त्यावर येतं. म्हणजे कालपर्यंत जी मोरी थोडीफार वापरात होती ती रुंदीकरणानं कागदावर 'आहे' आणि प्रत्यक्षात बंद. ड्रॉईंगमध्ये हे कुठंच दिसत नाही कारण मोरी पाण्यासाठी डिझाईन केलेली असते, पूर किती येणार ते बघून. पाणी जातंय ना, मग पास.

यावर उपाय खूप महागडे आहेत असंही नाही. रुंदीकरणात जिथं मोरी तशीही तोडून नवीन घालायची आहे तिथं एक साईझ मोठी घालायची. तळाला एका बाजूला फूट-दीड फूट उंचीचा कोरडा कट्टा ठेवायचा म्हणजे पाणी असलं तरी कडंनं चालता येतं. जाण्याच्या आणि येण्याच्या रस्त्यांच्या मध्ये, डिव्हायडरच्या जागेत, वरनं उजेड येईल अशी जाळी ठेवता येते. मोरीच्या पलीकडच्या तोंडाला पाण्यानं खणून तीन-चार फुटाची पायरी तयार होते, तिथं दगड रचून उतार करायचा, नाहीतर खाली उतरलेल्या बारक्या जनावराला परत वर येता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोरीच्या दोन्ही अंगांना शे-दोनशे मीटर जाळी मारायची, अशी की जनावर जाळीच्या कडंनं चालत मोरीपाशीच येईल. जाळी न मारता नुसती मोरी केली तर ते वरनंच जाणार.

डिव्हायडरबद्दल म्हणाल तर सलग काँक्रीटची भिंत ही समोरासमोरची धडक टाळायला घालतात, त्यानं माणसांचे जीव वाचतात, ती काढा म्हणू नका. पण जिथं ओढा, झाडी, दोन्ही बाजूंना रान आहे तेवढ्या भागात खाली फटी असलेले ब्लॉक किंवा पत्र्याचा बॅरियर लावता येतो. लहान जनावराला खालनं निघता येतं.

एक चांगली गोष्ट पण सांगतो. खंबाटकीला नवीन बोगदे होतायत ते जनावरांच्या दृष्टीनं फार बरं. रस्ता डोंगराच्या पोटातनं गेला की वरचा डोंगर सलग राहतो. घाटाचा जुना रस्ता उद्या कमी वापरात आला तर रात्री तिकडं वर्दळ किती ठेवायची याचा विचार व्हायला पाहिजे, ही संधी परत मिळणार नाही.

कराडकर_७७:
सगळं पटतंय पण मला एक सांगा, याच हायवेवर माणसं किती मरतात? दर आठवड्याला पेपरात आहे. आधी माणसांचं बघा, सर्व्हिस रोड नीट करा, खड्डे भरा, ठिकठिकाणी डायव्हर्जनचे बोर्ड नाहीत रात्री कळत नाही कुठं वळायचं. जनावरांसाठी पूल बांधायला पैसे आहेत आणि गावाला अंडरपास मागितला तर नाही म्हणतात. माझ्या चुलतभावाची बाईक रानडुकरावर धडकली, पाय मोडला, सहा महिने घरात होता. वाईट वाटतं जनावराचं, पण प्रायोरिटी काय ती ठरवा.

चांदोली_चष्मा:
कराडकर दादा, तुमच्या चुलतभावाचा अपघात हाच या विषयातला सगळ्यात मोठा मुद्दा आहे. रानडुक्कर रस्त्यावर का आलं, कारण त्याला खालनं वाट नव्हती. मोरी मोठी असती आणि बाजूला जाळी असती तर डुक्कर खालनं गेलं असतं आणि भाऊ वरनं घरी गेला असता. त्यामुळं माणूस की जनावर असा हा हिशोब नाहीच, एकाच कामात दोघांचा जीव वाचतो. आणि ओढ्यावरचा मोठा बॉक्स दिवसा गावातल्या बैलगाडीला, शेतकऱ्याला आणि रात्री जनावराला, असा दुहेरी पण वापरता येतो. गावाला अंडरपास मागताय ना, तो ओढ्याजवळ मागा.

मी वन्यजीव विषयात एमएस्सी केलंय, चांदोली-कोयना भागात काम केलंय, म्हणून मूळ प्रश्नाकडं येतो. गाडीखाली मेलेलं जनावर आपल्याला दिसतं, पण रस्त्याचं जास्त नुकसान न दिसणारं आहे. बरीच जनावरं रस्त्यापर्यंत येतात आणि ओलांडतच नाहीत. आवाज, हेडलाईट, मोकळी पट्टी, वास. ती मागं फिरतात आणि मग आयुष्यभर अलीकडच्याच तुकड्यात राहतात. त्यांची मढी पडत नाहीत म्हणून कुणी मोजत नाही. पण तरुण नर दुसरीकडं जाऊ शकला नाही तर नात्यातल्या नात्यात जुगणं सुरू होतं, एखाद्या वर्षी रोग आला किंवा पाणी आटलं तर त्या तुकड्यातली संख्या संपते आणि बाहेरून नवीन जनावर येऊन ती भरून निघत नाही. हे व्हायला दहा-वीस-पन्नास वर्षं लागतात, त्यामुळं रस्ता झाल्यावर लगेच "बघा काही झालं नाही" असं म्हणता येतं.

आपल्या भागात दोन ठिकाणं मला फार महत्त्वाची वाटतात. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली झाला, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून. नकाशावर ते एकच नाव आहे पण उत्तरेला कोयना, दक्षिणेला चांदोली आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातनं कराड-चिपळूण रस्ता कुंभार्ली घाटात उतरतो. हेळवाक, कोयनानगर, तिथनं पुढं घाट. तो आता गुहागर-विजापूर राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे. म्हणजे उद्या तिथं रुंदीकरण आलं तर ते व्याघ्र प्रकल्पाच्या मानेवर येणार. दुसरं ठिकाण चांदोलीच्या दक्षिणेला, आंबा घाट, रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता. चांदोलीतनं राधानगरी, पुढं तिलारी, गोवा, कर्नाटकातलं काळीचं जंगल असा जो डोंगररांगेचा पट्टा आहे, सह्याद्रीत वाघ स्वतःच्या पायानं आला तर याच वाटेनं येतो. तो पट्टा टिकावा म्हणूनच विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा वगैरे संवर्धन राखीव क्षेत्रं जाहीर झाली. आपल्या सातारा जिल्ह्यात जोर-जांभळी झालं. पण राखीव क्षेत्र रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असलं म्हणून मधला रस्ता पार करता येतोच असं नाही.

हे जमतं याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. नागपूर-सिवनी रस्ता, राष्ट्रीय महामार्ग ४४, पेंच व्याघ्र प्रकल्पातनं जातो. तो चौपदरी करताना बरीच वर्षं कोर्टकचेरी झाली आणि शेवटी भारतीय वन्यजीव संस्थेनं सांगितल्याप्रमाणं महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ता उचलून खालनं नऊ ठिकाणी वाट ठेवली, सगळ्यात लांब वाट ७५० मीटरची. मग खाली कॅमेरे लावले. २०१९ साली त्या कॅमेऱ्यांत १८ जातींचे प्राणी टिपले गेले, त्यात ११ वेगवेगळे वाघ, मिळून ८९ वेळा. वर ट्रक, खाली वाघ. ज्यांना वाटत होतं की जनावरं पुलाखालनं जात नाहीत त्यांना उत्तर मिळालं. दुसरी पद्धत म्हणजे कर्नाटकात बंडीपूरमध्ये २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा रस्ता बंद असतो. आपल्या पुणे-बेंगलोर हायवेला ते शक्य नाही हे उघड आहे, पण घाटातल्या आडरस्त्यांना काही भागात शक्य आहे.

आणि तुकड्यात अडकणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर सागरेश्वरला जा. धो. म. मोहिते यांनी माळावर झाडं लावून उभं केलेलं अभयारण्य, १९८५ साली जाहीर झालं, क्षेत्रफळ १०.८७ चौरस किलोमीटर. माझ्या मते महाराष्ट्रातलं सगळ्यात प्रेमानं उभं केलेलं रान आहे ते. पण चारी बाजूंनी शेती, ऊस, रस्ते, खाली ताकारी-किर्लोस्करवाडीकडनं रेल्वे. आत चितळ, सांबर, काळवीट. संख्या वाढली की जायचं कुठं? कुंपणातनं फटीतनं बाहेर येतात आणि देवराष्ट्रेच्या बाजूच्या शेतकऱ्यांचं पीक खातात. शेतकरी वैतागणारच. त्या जनावरांना जायला दुसरं रानच शिल्लक ठेवलं नाही, मग राग मात्र शेतकरी आणि हरीण यांच्यातच.

मिरज_रेल्वे_कॉलनी:
रस्त्याचं सगळे बोलताय, रेल्वेचं मी सांगतो. नोकरी सगळी लाईनवर गेली, आता रिटायर्ड. पहाटे कीमन, म्हणजे रोज चालत रूळ तपासणारा माणूस, लाईन बघत निघतो ना, रात्री काय मेलं ते सगळ्यात आधी त्याला दिसतं. मोर, कोल्हे, डुकरं, गावाजवळ कुत्री, बकऱ्या.

पुणे-मिरज लाईन साधारण २८० किलोमीटर, पूर्वी एकेरी आणि डिझेलवर. आता डबल आणि इलेक्ट्रिक. डिझेल इंजिनाचा आवाज लांबनं यायचा, जमीन हादरायची, जनावर बाजूला व्हायचं. इलेक्ट्रिक इंजिन त्यामानानं गुपचूप येतं आणि स्पीडनं येतं. डबल लाईनचा अजून एक घोळ, एका गाडीला घाबरून जनावर उडी मारतं ते दुसऱ्या लाईनीवर, तिकडनं दुसरी गाडी. लोको पायलटला बोल लावू नका, लोडेड गाडीला इमर्जन्सी ब्रेक मारला तरी थांबायला किलोमीटरभर लागतं, वळणावर त्याला जनावर दिसतं कधी आणि करणार काय.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे कटिंग. आदर्की, वाठार बाजूला डोंगर फोडून लाईन काढलीय, दोन्ही बाजूंना उभ्या भिंती. जनावर आत उतरलं आणि मागनं गाडी आली की ते वर चढत नाही, चढता येतच नाही, ते लाईनीनं पुढं पळत सुटतं. गाडी आणि जनावर एकाच दिशेला. अशा कटिंगमध्ये ठराविक अंतरावर बाजूची माती कापून उतार ठेवला तर ते बाजूला निघून जाईल. पैसा फार नाही लागत, जेसीबीचं काम आहे.

अजून एक. मालगाडीतनं धान्य सांडतं, त्याला मोर, तितर, ससे येतात. आणि मेलेलं जनावर लाईनीत पडून राहिलं की ते खायला कोल्हा येतो, मग तो जातो. आमच्या गँगमधली काही पोरं स्वतःहून मढं ओढून लाईनीपासनं लांब टाकायची. ड्युटीत कुठं लिहिलेलं नव्हतं, पण करायची. कोल्हा वाचायचा.

माणदेशी_धनगर:
आमचं गाव आटपाडी बाजूला. तुम्ही सगळे डोंगराचं बोलताय, माळाचं कोणच बोलत न्हाय. लांडगा, खोकड, चिंकारा, काळवीट ही माळावरची जनावरं. सरकारी कागदात माळ म्हंजी पडीक जमीन, मग रस्ता, सोलर, पवनचक्क्या, एमआयडीसी सगळं माळावरच. जंगलातनं रस्ता न्यायचा तर परवानग्या, बोर्ड, कोर्ट. माळावरनं कुणाला इचारायचं न्हाय. लांडग्याच्या एका कळपाला दीड-दोनशे चौरस किलोमीटर रान सहज लागतं म्हणत्यात, मंजी चार-पाच रस्ते त्यानं रोज वलांडायचे.

लांडगं आमची मेंढरं नेतं, खोटं कशाला बोलू. पण आमचा आजा म्हणायचा लांडगा हाय तवर माळ हाय. त्यो असला की मेंढरं राखायची रीत पण टिकती.

आणि रस्ता रेल्वे दोनच धरू नका, कॅनाल पण धरा. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनेनं पाणी आलं, आमच्या दुष्काळी भागात डाळिंब, द्राक्षं, ऊस उभा राहिला, त्या पाण्यासाठी आमच्या बापजाद्यांनी मोर्चे काढले, त्याला नावं ठेवणार न्हाय. पण काँक्रीटचा कॅनाल म्हंजी दोन्ही बाजू गुळगुळीत आणि उतार उभा. उन्हाळ्यात जनावर पाणी प्यायला वाकतं आणि घसरतं, परत वर येता येत न्हाय. आमचं मेंढरू पडलं की आम्ही दोर टाकून काढतो, खोकडाला कोण काढणार? थोड्या थोड्या अंतरावर खडबडीत पायऱ्या किंवा उतार ठिवला तर जनावरं पण निघतील आणि पोहायला गेलेली पोरं पण. आमच्या इथं एका ठिकाणी कॅनालवर मातीचा रुंद पूल हाय, जुना, मेंढरं त्याच्यावरनंच न्यायची. सकाळी त्याच्यावर लांडग्याचा माग उमटलेला असतो, मेंढराच्या मागातच. कुणी त्याला शिकवलं न्हाय, वाट घावली की त्यो तिथनंच जातो. म्हणून म्हणतो, आमच्या मेंढरांसाठी जिथं जिथं वाट मागाल तिथं जनावराची पण सोय हुती. चराईचे मार्ग, खांडं चालायच्या वाटा जुन्या माणसांना माहीत हायत, त्या आधी नकाशावर घ्या.

यवतेश्वर_घाटवळण:
सिव्हिल दादांची मोरीची माहिती एक नंबर, सेव्ह करून ठेवली.

मला बारक्या जीवांबद्दल सांगायचंय कारण मोठी जनावरं मेली की निदान फोटो तरी येतो. सातारा-कास रस्त्यावर जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री चालत जा, बेडूक आणि खेकडे रस्ता ओलांडत असतात. बेडकांना कातळावरच्या डबक्यांकडं जायचं असतं. त्या एक-दोन रात्रींत गाड्या किती जातात त्यावर त्या डबक्यात त्या वर्षी अंडी किती पडणार ते ठरतं. पावसात वर येणारी देवगांडुळं तर लोक साप समजून मुद्दाम चिरडतात, माणसाला त्याचा काही धोका नाही, मातीतलं बेडकाच्या कुळातलं जनावर आहे. कोयनेजवळच्या हुंबरळीत सापडलेली देवगांडुळाची एक जात २००४ साली शास्त्रात पहिल्यांदा नोंदली गेली, तिच्या नावातच महाराष्ट्र आहे. म्हणजे जगात दुसरीकडं कुठं असेल नसेल, आणि आपण टायरखाली घेतोय. थंडीत साप उबेला डांबरावर येऊन पसरतात आणि रातवे पक्षी तर रस्त्यातच बसलेले असतात, लाईट पडला की डोळे चमकतात, हॉर्न दिला तरी शेवटच्या क्षणापर्यंत उठत नाहीत. यांना भुयारी मार्ग वगैरे नको, गाडी ३०-४० च्या स्पीडनं आणि लाईट डिपर ठेवला तरी बरेच वाचतील.

कासला फुलांच्या संरक्षणासाठी जाळीचं कुंपण केलं होतं ते आठवत असेल. हेतू चांगला होता. पण गवे आणि गुरं यायची थांबली, चराई बंद झाली आणि स्थानिक लोक ओरडायला लागले की गवत माजतंय, फुलं कमी होतायत. शेवटी जाळी काढली. त्यामुळं जाळी मारायची तर सिव्हिल दादा म्हणतात तशी वाट दाखवणारी मारा, कोंडणारी नको.

उरमोडीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. कराडकर दादा तुमच्या भावाला बरं वाटतंय ना आता?

मी असं ठरवलंय, शेंद्रे ते उंब्रज माझ्या रोजच्या वाटेवरच आहे, तर सुट्टीच्या दिवशी दिवसा उजेडी सर्व्हिस रोडनं जाऊन प्रत्येक मोरी आणि ओढ्याचा पूल खालनं बघायचा. फोटो, लोकेशन, तोंड किती, आत पाणी आहे का, मलबा भरलाय का, चिखलात माग आहेत का. शिराळ्याचे भाऊ, पेठनाक्याकडचा भाग तुम्ही बघाल का? बोरगाव, नागठाण्याची दोन-तीन पोरं तयार आहेत. सिव्हिल दादा, हे सगळं गोळा केल्यावर कुणाकडं आणि कसं द्यायचं तेवढं सांगा. नुसतं निवेदन दिलं की पोच मिळते आणि फाईल तिथंच राहते, हा अनुभव आहे.

शिराळ्याचा_ऊसकरी:
बघतो की. कासेगावपासनं वारणेच्या पुलापर्यंत माझ्याकडं. दोन पोरं घेतो बरोबर, मोरीत एकट्यानं शिरू नका, घोणस असती.

साईटवरचा_सिव्हिल:
आधी माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये फी. तुमच्या गावच्या हद्दीतल्या सगळ्या मोऱ्या आणि लहान पुलांची यादी, चेनेजसह, आणि त्यातल्या कुठल्या नवीन होणार, कुठल्या नुसत्या वाढवणार ते मागा. चेनेज म्हणजे किलोमीटरचा आकडा, तो तुमच्या फोटोंना लावला की ऑफिसात कुणी "नेमकी जागा सांगा" म्हणून टोलवू शकत नाही. ज्या मोऱ्यांचं काम अजून झालेलं नाही त्याच आधी धरा, काँक्रीट पडलं की विषय संपला. मग ग्रामसभेचा ठराव करा, ठरावात शेतकऱ्याची वाट, गुरांची वाट आणि वन्यप्राण्यांची वाट तिन्ही एकत्र लिहा, आणि वन विभागाला पण प्रत द्या म्हणजे त्यांच्याकडनं पण पत्र जातं. भारतीय वन्यजीव संस्थेनं २०१६ साली रस्ते-रेल्वे-वीजवाहिन्यांसाठी मार्गदर्शिका काढलीय, तिचा उल्लेख करा. "आता डिझाईन फायनल आहे" असं सांगतील. मिरजेजवळ भोसे गावचं वडाचं झाड रत्नागिरी-नागपूर महामार्गात जात होतं, २०२० साली लोकांनी धरून लावलं आणि रस्त्याची आखणी बदलली. एका झाडासाठी बदलते तर मोरीची साईझ बदलू शकते.

चांदोली_चष्मा:
मेलेल्या जनावरांच्या नोंदी पण चालू ठेवा, तारीख, वेळ, किलोमीटरचा दगड, फोटो. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाईटवर टाकल्या तर सगळ्यांना बघता येतात. वर्षभराच्या नोंदी नकाशावर टाकल्या की ठराविक दोन-चार जागी गर्दी दिसते, जाळी आणि मोठी मोरी तिथंच मागायची, सगळ्या रस्त्याला नाही.

बिबट्या, साळिंदर, उदमांजर काहीही मेलेलं असलं तरी उचलून नेऊ नका, काटा-नख सुद्धा नाही, वन्यजीव कायद्यात तो गुन्हा आहे. जखमी असेल तर जवळ जाऊ नका, गर्दी होऊ देऊ नका, वन विभागाच्या १९२६ ला फोन करा. हायवेवर रस्त्यात पडलेलं असेल तर १०३३ ला पण कळवा म्हणजे पेट्रोलिंगची गाडी येऊन मागची ट्रॅफिक सांभाळते.

आणि अमावस्येच्या आसपास मोऱ्यांच्या तोंडाशी कोरडी बारीक माती पसरून ठेवा, सकाळी माग वाचता येतात. मागांचे फोटो मला पाठवा, शेजारी काडेपेटी किंवा पेन ठेवून काढा म्हणजे साईझ कळतो, मी ओळखून देतो.

मिरज_रेल्वे_कॉलनी:
रेल्वेच्या कटिंगांची यादी मी करून देतो, आदर्कीपासनं कोरेगावपर्यंत तोंडपाठ आहेत. आमच्या जुन्या गँगमधल्या दोघांना विचारून कुठं काय मेलेलं ते पण लिहून घेतो. लाईनीवर स्वतः जाऊ नका कुणी.